आईच्या नावावरची जपानीण

परवा आप्पांच्या नातवाने नवी गाडी घेतली. भली थोरली, जपानी, आत बसलं की फ्रीजमध्ये बसल्यासारखं वाटतं. पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला. पोर गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता तो आपल्या बायकोला म्हणाला, "आमच्या घराण्यात ड्रायव्हिंग रक्तातच आहे. मोहदरी घाटात गाडीचं स्टिअरिंग जाम झालं होतं, तरी आप्पाआजोबांनी सगळ्यांना सुखरूप वाचवलं होतं." मी पेढा डब्यात परत ठेवला. त्याची बायको बिचारी घाबरून म्हणाली, "आत्या, शुगर वाढलीय का?" शुगर नाही गं बाई, डोकं फिरलंय. एवढी वर्षं झाली, आणि ती थाप अजून पेढ्यांबरोबर वाटली जातेय. त्या दिवशी गाडीत पाच माणसं होतो. त्यातले चौघे गेले. उरले मी. तेव्हा आता कुणाला वाईट वाटो की चांगलं, जसं झालं तसं लिहून टाकते.

आमचं घर नाशिकला, गंगापूर रोडला. आता तिथे दुकानांच्या पाट्यांमधून आकाश शोधावं लागतं, पण तेव्हा आमच्या मागच्या कुंपणापलीकडे पेरूची बाग होती आणि संध्याकाळी सायकलला रिकामा डबा अडकवून घराकडे निघालेली माणसं ओळखीची असायची. माझे वडील, म्हणजे नाना, आणि त्यांचे थोरले भाऊ आप्पा, दोघांचं मिळून पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. द्राक्षवाले शेतकरी गिऱ्हाईक. घर एकत्र, चूल एक. सकाळ व्हायची ती आवाजांनी. आधी आप्पा खोकत, मग त्यांची जुनी काळी गाडी खोकायची. तिला पुढून लोखंडी हँडल मारून जागी करावी लागे. स्वयंपाकघरात काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, स्टोव्हला पंप मारत असायच्या आणि आई बाजरीच्या भाकरी थापत असायची. आईच्या भाकरीचा आवाज वेगळा होता. घाईचा नाही, एका लयीत. ती येवल्याची, विणकरांच्या घरातली. तिच्या माहेरी माग दिवसभर चालायचा, तो ठेका तिच्या हातात उतरला होता असं मला वाटतं. भाकरीवर ती शेंगदाण्याची ओली चटणी घालायची, लसूण जरा जास्तच. आजही तो वास आला की मला भूक लागते आणि लगेच रागही येतो, कारण त्या घरात ती शेवटी जेवायची आणि चटणी तोवर संपलेली असायची.

आणि एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे धाकटी सून मोठ्या दिरांशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच झालं तर मुलांच्या तोंडून. मुलांत मी एकटीच सदा हाताशी, त्यामुळे बोलायला लागले तेव्हापासून मी आईचं तोंड झाले होते. आप्पा चार हातांवर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू येत असायचं, तरी आई म्हणायची, "अगं, आप्पांना विचार, भात वाढू का?" मी विचारायची, "आप्पा, भात वाढू का?" आप्पा म्हणायचे, "सांग तिला, थोडा." आणि मी वळून आईला सांगायची, "थोडा." लोकांना यात मर्यादा दिसायची, संस्कार दिसायचे. मला तेव्हाही हसू यायचं. नंतर हसू येईनासं झालं.

मग ती जपानी गाडी आली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, माझ्या वयाच्या सगळ्यांना ते माहीत आहे. छोटीशी, चटपटीत, पांढरी. देशभर लोकांनी नावं नोंदवली होती आणि सोडतीत ज्याचं नाव निघेल त्याला गाडी. प्रत्येक घराने हाती लागतील तेवढी नावं घातली होती. आमच्याकडेही आप्पांचं, नानांचं, काकूंचं, आप्पांच्या मुलाचं नाव घातलं. शेवटी आप्पा म्हणाले, "घाला धाकटीचंही. नावाला काय, लिहायलाच तर लागतं." आणि निघालं कुणाचं? आईचं! सौभाग्यवती इंदुमती. तिच्या नावावर तोवर काहीही नव्हतं, रेशनकार्डावरसुद्धा ती नानांच्या खाली होती. गल्लीतल्या बाया कुंकू लावायला आल्या. आप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "धाकटीचा पायगुण चांगला." हा शब्द लक्षात ठेवा. त्यांनीच तो पुढे फिरवला.

गाडी घ्यायला आम्ही सगळे गेलो. शोरूममधला मुलगा इस्त्रीच्या शर्टातला, बोलका. गाडी आईच्या नावावर, पण सांगत होता आप्पांना. आई पूजेचं ताट धरून बाजूला उभी. त्याने कंपनीचा सगळा इतिहास सांगितला. म्हणे ही कंपनी आधी गाड्या करतच नव्हती, हातमाग करायची. मूळ मालक सुताराच्या हाताचा, त्याने आपल्या आईचे कष्ट वाचावेत म्हणून चांगला माग करून दिला, तिथून सुरुवात. पुढे कापडाचे दिवस फिरले तेव्हा सायकलीला इंजिन लावलं, मग फटफट्या, मग मोटारी. आप्पा जांभई देत होते. आईने मात्र ताट खाली ठेवलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आईसाठी माग केला म्हणे! आमच्याकडे आयांनी मागासाठी जन्म घालवला. माझी आई मागाच्या कांड्यांवर सूत भरून भरून वाकली, तिच्यासाठी कुणी खिळा ठोकला नाही." आणि मग तिने गाडीच्या टपावरून हात फिरवला, माहेरचं माणूस भेटल्यासारखा.

त्याच मुलाने एक गोष्ट दोनदा सांगितली. "साहेब, गाडी चालू असताना, उतारावरसुद्धा, किल्ली बाहेर काढायची नाही. काढली की स्टिअरिंगला कुलूप बसतं. चोरापासून राखायला केलंय." आप्पा हसले. "अरे बाळा, तू दुधाचे दात पाडत होतास तेव्हा मी कसारा घाट उतरत होतो." सगळे हसले. मग चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडायला आप्पा बंपरकडे वळले तर नाना घाईघाईने म्हणाले, "हिच्यावर नको आप्पा, हिलाच खोक पडेल, दगडावर फोडा."

पहिले काही महिने मजेचे होते, खोटं कशाला बोलू. गल्लीत तिचं नाव जपानीण पडलं. तिचा आवाज इतका कमी की आप्पांना ती चालू झालीय हे कळायचंच नाही. ते पुन्हा किल्ली फिरवायचे आणि आतून कर्रर्र असा कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. जुन्या गाडीत गिअर स्टिअरिंगपाशी होता, हिच्यात खाली मांडीशेजारी. आप्पा सवयीने वर हात घालायचे आणि कडक उन्हात वायपर सुरू व्हायचे. पंचवटीकडे जाताना लोक बघत राहायचे, ऊन रखरखतंय आणि या साहेबांची गाडी पाऊस पुसतेय. शेजारच्या डॉक्टरांनी त्यांच्या नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं, आम्हीही नाही. उन्हाळ्यात उठताना पाठ सोलून निघाल्यासारखी व्हायची, पण प्लास्टिक राहिलं पाहिजे! द्वारका चौकाजवळचा आमचा जुना गॅरेजवाला बॉनेट उघडून म्हणाला, "इथं तर हात घालायला जागा नाही, हिला सुईण लागंल." आम्ही त्या एवढ्याशा गाडीत सात-सात माणसं आणि वर कांद्याचं पोतं भरायचो. ती बापडी कुरकुर न करता न्यायची. आई पहाटे उठून जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने तिला पुसायची. बसायची मात्र मागे, खिडकीशी. मालकीण मागे. पुढे आप्पा आणि नाना.

आता ते मोहदरीचं. सिन्नरला नात्यातला साखरपुडा होता. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, सगळं पोटभर झालं होतं, दुपार कलली होती आणि आम्ही नाशिकला परत निघालो. आप्पा गाडी चालवत होते, शेजारी नाना. मागे काकू, मधे मी, खिडकीशी आई. सिन्नरकडून येताना मोहदरीचा उतार लागतो. तिथे आल्यावर इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती सोडून द्यायची, ही तेव्हा सगळ्याच गाडीवाल्यांची सवय होती, पेट्रोल वाचतं म्हणून. आप्पांची तर त्यापुढे एक पायरी. जुन्या गाडीची किल्ली झिजलेली, धक्क्याने गळून पडायची, म्हणून इंजिन बंद केलं की ते किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि खिशावर थाप मारायचे. त्या गाडीला त्याने काही होत नसे.

उतार सुरू झाला. आप्पांनी किल्ली फिरवली, इंजिन थांबलं, नुसता वाऱ्याचा आवाज. त्यांचा हात अजून किल्लीवरच होता. आई एकदम ताठ झाली. माझा दंड धरून म्हणाली, "अगं, आप्पांना सांग, किल्ली काढू नका म्हणावं. त्या मुलाने सांगितलं होतं."

मी म्हटलं, "आप्पा, आई म्हणते किल्ली काढू नका."

"तुझ्या आईला सांग," आप्पा आरशात बघून म्हणाले, "मी गाड्या चालवतोय तेव्हा ती परकरात होती."

आणि बघा, जन्माची सवय कशी असते. त्यांनी सांगितलेलं आईला शब्दन् शब्द ऐकू गेलं होतं, तरी मी तिच्याकडे वळले, निरोप द्यायला. माझं तोंड उघडलं आणि पुढे कट् असा बारीक आवाज झाला. किल्ली खिशात गेली होती. वर थापही पडली. मग वळण आलं आणि आप्पांच्या हातातलं चाक हलेना. ते ओढतायत, नाना ओढतायत, चाक दगडासारखं. आप्पांनी ब्रेकवर उभं राहून घेतलं. देवाची कृपा म्हणा, गाडी दरीकडे गेली नाही, डोंगराच्या बाजूच्या गटारात तोंड खुपसून तिरपी पडली. आईने मला धक्का बसू नये म्हणून माझ्यापुढे हात आडवा घातला होता. तो पुढच्या सीटच्या कडेवर आपटला. उजवं मनगट. मोडल्याचा आवाज मी ऐकला.

आणि पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वरून येणारा ट्रक थांबला, माणसं धावत यायला लागली. ती पोचायच्या आत आप्पांनी खिशातून किल्ली काढली आणि पुन्हा जागेवर लावली. नाना शेजारी होते. त्यांनी बघितलं. मग त्यांनी तोंड फिरवून बाहेर बघितलं. लोक आले तेव्हा आप्पा ओरडत होते, "स्टिअरिंगच जाम झालं हो! जपानी माल, पत्र्याचा डबा!"

आईचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. घरी भेटायला लोक यायचे आणि आप्पा बैठकीत बसून सांगायचे. रोज थोडं वाढवून. आधी स्टिअरिंग जाम झालं, मग ब्रेकही गेले, मग आपण कसं हुशारीने दरी चुकवली. आणि शेवटी आतल्या दाराकडे बघून, "काय आहे, बाईमाणसाच्या नावावर वाहन. आम्हीच चुकलो. काहींचा पायगुणच असतो तसा." तोच पायगुण! काही महिन्यांपूर्वी पेढे वाटले होते त्याचे. काकू मान हलवायच्या. आलेल्या बाया आत येऊन आईकडे अशा बघायच्या, जणू हिनेच घाटात हात घालून गाडी ओढली. तिला हळदीकुंकवाला बोलावणं येईना. आई डाव्या हाताने तांदूळ निवडत बसायची. मला तिचाही संताप यायचा. म्हणायची, "जाऊ दे." काय जाऊ दे? कुठे जाऊ दे?

गाडी दुरुस्त होऊन आली आणि आप्पांनी फर्मान काढलं, अपशकुनी आहे, विकायची. नांदगावचे एक व्यापारी बघायला आले. पांढरं धोतर, सुपारी चघळत. बैठकीत चहा झाला. त्यांनी विचारलं, "एवढी नवी गाडी, लोक रांगा लावतात, मग विकता का?" झालं. आप्पांनी ती सगळी कथा पुन्हा लावली, पायगुणासकट. मी कपबशा उचलायला आले होते. मला राहवलं नाही. "खोटं आहे," मी म्हणाले. "आप्पांनी चालत्या गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. आई नको म्हणत होती. नाना, तुम्ही सांगा ना!"

मला वाटलं होतं, नाना म्हणतील, "काय? असं झालं?" तोवर मी हेच धरून चालले होते की खरं कुणाला माहीत नाही म्हणून हे चाललंय. एकदा कळलं की थांबेल. वेडी मी! नानांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडावर जरासुद्धा आश्चर्य नव्हतं. दारात काकू उभ्या होत्या, त्यांच्याही नाही. "गप्प बस," नाना म्हणाले, "मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही." सगळ्यांना माहीत होतं हो. पहिल्या दिवसापासून. माहीत असूनच सगळे मिळून त्या मोडक्या हाताच्या बाईवर ते टाकत होते, कारण ती उलट बोलणार नाही हेही सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. प्लॅस्टरमुळे तिला डोक्यावर पदर घेता येत नव्हता, म्हणून ती परक्यांसमोर बाहेर येतच नव्हती. त्या दिवशी उघड्या डोक्याने आली. मला वाटलं, मला आत ओढून नेईल. ती माझ्याकडे आली नाही. सरळ आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "किल्ली तुम्ही काढलीत. मी नको म्हणत होते."

तिचा आवाज बैठकीत कुणी ऐकलाच नव्हता. आप्पा माझ्याकडे बघायला लागले, निरोप मी सांगेन म्हणून! मी तोंड मिटून उभी राहिले.

"गाडी माझ्या नावावर आहे. मी विकत नाही," आई व्यापाऱ्यांकडे वळून म्हणाली. "तुम्ही चहा घेतलात, बरं झालं. आता ऊन व्हायच्या आत निघा." मग पुन्हा आप्पांकडे डावा हात पुढे केला. "किल्ली द्या."

व्यापारी सुपारी थुंकायच्या निमित्ताने बाहेर गेले ते आत आलेच नाहीत. नाना म्हणाले, "इंदू, आत जा." आई हलली नाही. हात तसाच पुढे. आप्पांनी किल्ली तिच्या हातावर नाही ठेवली, जमिनीवर टाकली. आईने वाकून उचलली.

आणि घरात आकांत झाला तो कशावरून? एवढं मोठं खोटं सगळ्यांच्या देखत उघडं पडलं, त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पण धाकटी मोठ्या दिरांशी बोलली! उघड्या डोक्याने! त्यावरून चुली वेगळ्या झाल्या. नाना कित्येक महिने आईशी बोलले नाहीत. त्यांनाही बोलायचं असलं की माझ्यामार्फत. मी एकदाच सांगितलं, "नाना, ती समोर बसलीय, तिलाच सांगा." त्यानंतर माझ्याकडून निरोप पोचवणं बंद झालं. आप्पा त्या गाडीत पुन्हा कधी बसले नाहीत. चूक झाली, हेही कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या दहाव्याला एका गृहस्थांनी मोहदरीची तीच कथा गहिवरून सांगितली आणि लोकांनी डोळे पुसले. मी मधेच उठून आले.

प्लॅस्टर निघाल्यावर आईचं मनगट जरा वाकडंच राहिलं. भाकरी थापताना दुखायचं. गाडी चालवताना दुखत नाही, म्हणायची. हो, शिकली ती. पोलीस परेड मैदानाकडच्या मोकळ्या रस्त्यांवर, एका पारशी बाईंकडून. मीही तिच्याबरोबरच शिकले. लोक फाटकात उभं राहून बघायचे, हसायचे. पुढे लांबचं चालवायचं धाडस आलं तेव्हा एका हिवाळ्यात आम्ही दोघी येवल्याला निघालो, तिच्या माहेरी. गाडी तीच चालवत होती. निफाडच्या पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आणि आई त्यांच्या मागे शांतपणे दुसऱ्या गिअरमध्ये चालली. मागे एक ट्रकवाला सारखा हॉर्न मारत होता.

मी तिला विचारलं, "आई, आप्पांना तू माफ केलंस का गं?" मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी मागितलीय का?"

मागचा हॉर्न थांबेना. मी वळून बघायला लागले, तर म्हणाली, "तू कशाला बघतेस? वाजवू दे त्याला."